दानीएलचं ताट आणि सॅडलबॅकचा वजनकाटा

२०१० सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत लेक फॉरेस्ट नावाचं गाव आहे. तिथल्या सॅडलबॅक चर्चमध्ये एकाच दिवशी ८०० हून अधिक प्रौढांचा बाप्तिस्मा होता. चर्च बाप्टिस्ट परंपरेतलं, त्यामुळे कपाळाला पाणी लावून भागत नाही. माणसाला अख्खं पाण्याखाली घालायचं आणि पुन्हा वर उचलायचं. पाळक रिक वॉरन एकामागून एक माणसं आडवी करत होते, उचलत होते. काही शे माणसं झाली, दंड भरून आले, तेव्हा मनात आलेला विचार काही पवित्र वगैरे नव्हता, असं त्यांनीच नंतर ठिकठिकाणी सांगितलं. विचार असा होता की आपली मंडळी फार जाड झाली आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, मीही झालोय.

पुढच्या एका उपासनेत ते मंडळीसमोर उभे राहिले आणि माफी मागितली. आपण तीस वर्षं इथे पाळक आहोत, वर्षाला दोन-तीन पौंडच वाढले, पण तीस वर्षांचा हिशेब केला तर ९० पौंड होतात. म्हणजे सुमारे ४१ किलो. देवाने दिलेल्या शरीराचा कारभार आपण नीट केला नाही, हे वजन आता उतरवायचं आहे, बरोबर कोण येतंय? शे-दोनशे हात वर येतील असा त्यांचा अंदाज होता. नावं आली हजारोंनी. १५ जानेवारी २०११ ला योजना सुरू झाली आणि वर्षभरात नोंदणीचा आकडा १५ हजारांच्या घरात गेला. नाव ठेवलं ‘द डॅनियल प्लॅन’.

श्रद्धेच्या आधाराने वजन कमी करण्याचे प्रयोग अमेरिकेत या आधीही झाले होते आणि नंतरही झाले. पण एकाच मंडळीत इतकी मोठी, इतकी गाजलेली आणि इतकी उघड्यावर घडलेली गोष्ट दुसरी मला ठाऊक नाही, म्हणून अभ्यासाला हे प्रकरण घेतलं. माझा प्रश्न साधा आहे. श्रद्धेने इथे नेमकं काय काम केलं?

ज्याचं नाव घेतलं तो दानीएल

आधी नावाकडे बघू, कारण त्यात एक गंमत आहे.

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय. यहूदातून धरून आणलेली तरुण मुलं बाबेलच्या (बॅबिलोनच्या) दरबारात तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ठेवलेली आहेत. नबुखद्नेस्सर राजाने त्यांना स्वतःच्या मुदपाकखान्यातलं जेवण आणि द्राक्षारस नेमून दिला आहे. दानीएल आणि त्याचे तीन सोबती ठरवतात की हे अन्न खाऊन विटाळायचं नाही. वरचा अधिकारी घाबरतो. ही पोरं बाकीच्यांपेक्षा सुकलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवेल! तेव्हा दानीएल कारभाऱ्याला म्हणतो, दहा दिवस आम्हाला नुसतं शाकान्न आणि पाणी दे. मग आमचे चेहरे आणि राजाचं जेवण जेवणाऱ्या पोरांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून बघ आणि काय ते ठरव.

दहा दिवसांनी काय दिसलं? ही चौघं बाकीच्यांपेक्षा सतेज आणि अंगाने अधिक पुष्ट दिसली. पुष्ट! म्हणजे वजन घटवण्याच्या अमेरिकेतल्या एका अतिशय प्रसिद्ध चर्च-योजनेचं नाव ज्या गोष्टीवरून आलं, त्या गोष्टीत भाजी खाणारे बाळसं धरतात. दानीएलला बारीक व्हायचंच नव्हतं. परक्या राजाच्या ताटात जेवून आपण कोण आहोत हे विसरायचं नव्हतं, एवढाच त्याचा मुद्दा.

दुसरी गंमत याहून मोठी. वैद्यकीय चाचण्यांचा इतिहास लिहिणारे लोक या अध्यायाला फार जुना तुलनात्मक प्रयोग म्हणून हौसेने पुढे करतात. एका गटाला शाकान्न, दुसऱ्याला राजाचं जेवण, मुदत ठरलेली, शेवटी त्रयस्थाने केलेली तुलना. आकडे सोडले तर आराखडा अगदी आजचा वाटतो. आणि त्या दानीएलचं नाव लावलेल्या योजनेत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. याकडे पुढे परत यायचं आहे.

चर्च आणि जेवण

वॉरन यांच्या कबुलीचं वजन कळायला तिथल्या चर्चमधलं खाणं डोळ्यांसमोर आणावं लागतं. रविवारच्या उपासनेनंतर कॉफी आणि डोनट. महिन्यातून एकदा ज्याने त्याने घरून डबा आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. अंत्यविधीनंतर शेजारणींनी पाठवलेली चीजने माखलेली भांडीच्या भांडी. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये तर तळलेल्या कोंबडीला थट्टेने ‘सुवार्तेचा पक्षी’ म्हणतात, कारण पाळक जेवायला आले की कोंबडी ठरलेली. बाप्टिस्ट मंडळीत दारूला मज्जाव, सिगारेटकडे वाकडी नजर. मग आनंदाला, दुःखाला, पाहुणचाराला राहिलं काय, तर जेवण. खादाडपणा जुन्या ख्रिस्ती परंपरेत सात घोर पापांत मोजलेला आहे, पण व्यासपीठावरून त्यावर बोलायचं कुणी? बोलणाऱ्याचंही पोट दिसत असतं.

२०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे योजनेचा नारळ फुटल्यावर (चर्चच्या बाबतीत नारळ म्हणणं जरा विनोदी आहे, पण असो) दोनच महिन्यांनी, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी एक निष्कर्ष मांडला. २,४३३ तरुण-तरुणींवर १८ वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की आठवड्यातून किमान एकदा धार्मिक कार्यक्रमाला जाणारे लोक मध्यम वयात लठ्ठ होण्याची शक्यता न जाणाऱ्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. वय, वंश, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब धरूनही. कारण काय, ते या आकड्यातून सिद्ध होत नाही. संशोधकांनी हेही सांगितलं की भाविक लोक एकूण जास्त जगतात आणि त्यामागे सिगारेट कमी ओढणं हे एक कारण असावं. पण चित्र ओळखीचं आहे. एक व्यसन देवाच्या नावाने सुटतं, आणि दुसरं देवाच्याच अंगणात ताट वाढून बसलेलं असतं.

अशा ठिकाणी पाळकाने उभं राहून आपलंच पोट दाखवलं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात परिणामकारक गोष्ट ही होती, पुढचे डॉक्टर, पुस्तकं आणि पाककृती सगळे तिच्या मागून आले. लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला जग टपलेलंच असतं. व्यासपीठावरचा माणूस ‘तुम्ही’ न म्हणता ‘मी’ म्हणाला, तेव्हा समोर बसलेल्यांची मान खाली जायचं कारण उरलं नाही.

योजना काय होती

तीन डॉक्टर बोलावले. मेंदूविषयी बोलणारे डॅनियल एमन, आहाराविषयी मार्क हायमन आणि टीव्हीवरचे मेहमेत ओझ. तिघेही नावाजलेले, आणि तिघांवरही त्यांच्याच क्षेत्रातून टीका होत आलेली. एमन यांच्या मेंदूच्या स्कॅनवर आधारित निदानांना अनेक मनोविकारतज्ज्ञ मानत नाहीत. ओझ यांना तर २०१४ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीसमोर बसून वजन घटवणाऱ्या ‘चमत्कारी’ गोष्टींच्या जाहिरातबाज कौतुकाबद्दल बोलणी खावी लागली. कट्टर ख्रिस्ती टीकाकारांची तक्रार वेगळीच होती. हे तिघे आपल्या पठडीतले नाहीत, त्यांच्या बोलण्यात ध्यानधारणा आणि पूर्वेकडच्या कल्पना डोकावतात, हे चर्चमध्ये कसे? वॉरन यांनी उत्तर दिलं ते असं की डॉक्टर शरीराचं बघतील, धर्माचं मी बघतो.

आहाराचा सल्ला मात्र अगदी साधा होता. अर्धं ताट पिष्ट नसलेल्या भाज्यांचं, पाव ताट प्रथिनांचं, पाव ताट अख्ख्या धान्याचं किंवा कंदाचं, बाजूला थोडं फळ आणि प्यायला पाणी. साखर, मैदा, डबाबंद खाणं कमी. यात कोणाही आहारतज्ज्ञाला वावगं वाटणार नाही, आणि नवलही वाटणार नाही. योजनेचे पाच खांब सांगितले गेले. श्रद्धा, अन्न, व्यायाम, मनाची एकाग्रता आणि मित्र. इंग्रजीत पाचही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, वॉरन यांना अशा जुळण्या फार आवडतात.

पाचवा खांब सांगताना बाकीचे घाईत सांगितले तरी चालेल. सॅडलबॅकमध्ये रविवारची हजारोंची गर्दी हा वरचा देखावा. आतला सांगाडा म्हणजे घराघरांत भरणारे छोटे गट. सहा-आठ-दहा माणसं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, बायबल वाचतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या मुलाचं बोलतात. आपल्याकडच्या घरगुती प्रार्थनासभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. डॅनियल प्लॅन वाहिला तो याच नळांतून. वेगळा क्लब काढला नाही, जिममध्ये नाव घालायला लावलं नाही. जी माणसं एरवीही मंगळवारी भेटतच होती, ती आता ताटाबद्दलही बोलू लागली. कुणी बरोबर चालायला जायचं, कुणी फ्रीज रिकामा करताना शेजारी उभं राहायचं. हायमन यांनी पुढे सांगितलं की गटात राहून योजना पाळणाऱ्यांचं वजन एकट्याने करणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं. हा आकडा आयोजकांचा आहे, तेव्हा जपूनच घ्यायचा. पण त्याची दिशा चुकीची असेल असं मला वाटत नाही.

हायमन ही कल्पना कुठून आली तेही सांगतात. २०१० च्या भूकंपानंतर ते हैतीत गेले होते. तिथे डॉ. पॉल फार्मर यांच्या संस्थेने क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं देण्यासाठी गावातल्याच माणसांना तयार केलं होतं. गोळी घेतली का, जेवलास का, घरात पाणी आहे का, हे विचारायला डॉक्टर नाही, शेजारी येतो. मराठी वाचकाला हे ऐकून जामखेड आठवेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं १९७० मध्ये तिथे गेलं आणि निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. तिथला प्रश्न उलटा होता, खायला नसण्याचा. पण मार्ग तोच, शेजारीण शेजारणीला सांगते. सॅडलबॅकने दुष्काळी भागातली रीत अतिखाण्याच्या देशात नेली, एवढंच.

देवाचं नाव नेमकं कुठे येतं

योजनेचा धार्मिक गाभा बायबलमधल्या, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या एका ठिकाणावर उभा आहे. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही स्वतःच्या मालकीचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात. वॉरन त्याचा अर्थ असा लावतात की शरीर देवाने घडवलं, ख्रिस्ताने त्याची किंमत मोजली, आत्मा त्यात राहतो, तेव्हा आपण मालक नसून कारभारी. उसनी आणलेली वस्तू माणूस जपून वापरतो, तसं.

नेहमीच्या डाएटशी तुलना केली तर इथे ‘का’ हा प्रश्न बदलतो. लग्नात साडी नेसायची आहे म्हणून, समुद्रकिनाऱ्यावर जायचं आहे म्हणून कमी केलेलं वजन लग्न झालं की परत येतं, कारण कारणच संपतं. ‘हे शरीर माझ्याकडे सोपवलेलं आहे’ हे कारण लग्नानंतर संपत नाही. शिवाय चुकल्यावर काय करायचं याची रीत ख्रिस्ती माणसाकडे आधीपासून असते. कबूल करा, क्षमा घ्या, उद्या पुन्हा सुरू करा. डाएट मोडलेल्या माणसाचा नेहमीचा तर्क असतो, आता एक गुलाबजाम खाल्लाच आहे तर चार खाऊ. त्या तर्काला हा उतारा चांगला लागू पडतो.

पण याच ठिकाणी धोकाही आहे, आणि तो काल्पनिक नाही. टेनेसीमधल्या आहारतज्ज्ञ ग्वेन शॅम्ब्लिन यांनी १९८६ मध्ये ‘वे डाउन वर्कशॉप’ सुरू केलं. सांगणं सोपं होतं. पोटात कावळे ओरडेपर्यंत खायचं नाही, ओरडले की हवं ते खायचं, पण भूक भागताच हात धुवायचे. बाकीची जी भूक वाटते ती पोटाची नाही, ती देवाची आहे, तेव्हा फ्रीजकडे न जाता देवाकडे जा. १९९७ मधलं त्यांचं पुस्तक दहा लाखांवर खपलं आणि हे वर्ग हजारो चर्चमध्ये भरू लागले. भुकेची खूण ओळखायला शिकवणं यात शहाणपण होतं. बिनसलं ते पुढे. जास्त खाणं ही मूर्तिपूजा ठरली. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी मंडळी काढली, त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणुकीवरून बाकीच्या चर्चांशी बिनसलं, आणि त्या मंडळीत बारीक अंग हीच आज्ञाधारकपणाची खूण मानली जाऊ लागल्याचं बाहेर पडलेल्यांनी सांगितलं आहे. थायरॉइड बिघडलेली बाई, बाळंतपणानंतरची बाई, नैराश्यावरच्या गोळ्यांनी वजन वाढलेला माणूस, यांनी तिथे काय करायचं? त्यांच्या अंगावरच पाप दिसणार.

वॉरन या खड्ड्यात पडले नाहीत. शरीर सोपवलेलं आहे म्हणणं आणि लठ्ठपणा हे पाप आहे म्हणणं, यांतलं अंतर बोलताना फार थोडं असतं. ऐकणाऱ्याच्या मनात ते अंतर राहतं की नाही, हे बोलणारा स्वतः कुठे उभा आहे यावर ठरतं. ९० पौंड जास्त असलेला पाळक ‘चला’ म्हणतो, तेव्हा राहतं.

आकडे

पहिल्या वर्षाअखेर मंडळीने मिळून अडीच लाख पौंड वजन घटवलं, असं जाहीर झालं. म्हणजे १ लाख १३ हजार किलो. वर्तमानपत्रांनी आकडा उचलला. २०१३ च्या डिसेंबरात पुस्तक निघालं आणि ते खपाच्या यादीत अगदी वर गेलं.

आता भागाकार करू. अडीच लाख भागिले १५ हजार, माणशी साधारण १६.७ पौंड, म्हणजे साडेसात किलो. वर्षभरात इतकं वजन सरासरीने उतरवणं, तेही हजारो माणसांचं, हे चांगल्या दवाखान्यांनाही कठीण जातं. मग हा आकडा खोटा का? तसं म्हणायचं कारण नाही. पण तो कसा जमतो ते बघा. माणसं आपणहून वजन कळवतात. ज्याचं उतरलं तो आनंदाने कळवतो. ज्याचं वाढलं तो फेब्रुवारीतच यायचा थांबलेला असतो आणि त्याचं वजन कुणाच्याच वहीत येत नाही. जानेवारीत, नवीन वर्षाच्या संकल्पाच्या तोंडावर, जे आपण होऊन नाव देतात ते आधीच अर्धे तयार झालेले असतात. आणि दानीएलच्या गोष्टीत होता तसा शेजारचा गट इथे नाही. त्याच वर्षात नाव न दिलेल्यांचं काय झालं, हे कुणी मोजलं नाही.

यात चर्चची एक जुनी, प्रेमळ सवय भर घालते. ती म्हणजे साक्ष देणं. माणूस पुढे येऊन सांगतो, मी असा होतो, देवाने मला असं केलं. हे ऐकून उभारी येते यात शंका नाही, आणि चळवळी अशाच उभ्या राहतात. पण साक्ष द्यायला उभा राहतो तो ज्याच्या बाबतीत घडलं तो. मागच्या बाकावर बसलेल्याला कुणी माइक देत नाही.

स्वतः वॉरन यांनी ६० पौंडांच्या आसपास घटवले आणि पुढे त्यातले बरेच परत आले. हे त्यांनी लपवलं नाही. मला या प्रकरणात अडीच लाखांच्या आकड्यापेक्षा ही कबुली जास्त महत्त्वाची वाटते, कारण वजनाचा नियम हाच आहे. उतरवलेल्या वजनाविरुद्ध शरीर भांडतं. भूक वाढवतं, खर्च आवरतं. पहिल्या वर्षाच्या टाळ्यांनंतरची पाच वर्षं कशी गेली, हा खरा प्रश्न.

उपास आणि त्याची पळवाट

दानीएलच्या नावावर आणखी एक प्रकार चालतो, त्याची या योजनेशी गल्लत होते. पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात दानीएल तीन आठवडे शोक करतो आणि मांस, द्राक्षारस, रुचकर अन्न सोडतो. त्यावरून २१ दिवसांचा ‘दानीएल उपास’ निघाला. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खं धान्य, तेलबिया आणि पाणी, पोटभर. साखर, मांस, दूध, दारू, चहा-कॉफी बंद. मेम्फिस विद्यापीठात रिचर्ड ब्लूमर यांनी ४३ जणांवर हा उपास तपासला आणि निष्कर्ष २०१० मध्ये छापले. एकूण कोलेस्टेरॉल सरासरी १७१ वरून १३९ वर आलं, वरचा रक्तदाब ११५ वरून १०६ वर. त्याबरोबर ‘चांगलं’ म्हणतात ते कोलेस्टेरॉलही खाली आलं, हे उपासाचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. मला त्यात लक्षवेधी वाटला तो दुसराच आकडा. नियम पाळण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर होतं. आहाराच्या चाचण्यांत लोक सहसा इतके सरळ वागत नाहीत. डॉक्टरला फसवायला माणसाला फारसं काही वाटत नाही, देवासमोर नेम धरला की वाटतं.

अर्थात तीनच आठवडे. आणि पळवाटा तिथेही आहेत. खजूर घालून केलेल्या ‘दानीएल उपासाला चालणाऱ्या’ बर्फ्या, बदामाच्या पिठाच्या बिस्किटांच्या पाककृती पैशाला पासरी मिळतात. एकादशी अन् दुप्पट खाशी हे म्हणायला पंढरपूरच लागतं असं नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेल्या आपल्याला यात हसण्यासारखं फार काही नाही. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्या माणसाने असा आहार एकदम सुरू केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नेम धरण्याआधी डॉक्टरशी बोलून डोस बदलावा लागतो. चर्चच्या पत्रकात ही ओळ ठळक असायला हवी.

आपल्या ताटाशी

दानीएलने मागितलेल्या अन्नासाठी मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘पेरलेलं ते’ असा आहे, आणि जुन्या इंग्रजी भाषांतरात त्यासाठी कडधान्याचा शब्द वापरला गेला. म्हणजे बाबेलच्या दरबारात त्या पोरांनी राजाचं मटण नाकारून जे खाल्लं ते मटकीच्या उसळीच्या जवळचं काहीतरी असणार! मराठी ख्रिस्ती घराला यासाठी अमेरिकेहून पाककृती आणायची गरज नाही. नाताळच्या करंज्या-चकल्यांचं तेवढं बघावं लागेल.

वजनकाटा मात्र तिकडचा जसाच्या तसा चालणार नाही. भारतीयांसाठी डॉक्टरांनी उंची-वजनाच्या निर्देशांकाची (बीएमआयची) मर्यादा खाली आणली आहे. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. अमेरिकेत हेच आकडे २५ आणि ३०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं जन्मतःच दिसायला कृश पण अंगात चरबी जास्त अशी असतात, आणि पुढे मधुमेह बारीक दिसणाऱ्यालाही गाठतो. त्यामुळे ‘किती पौंड उतरले’ यापेक्षा कंबरेचा घेर बघितलेला बरा. पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० यापुढे गेला की सावध.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर औंधच्या स्पायसरचं बोलायला हवं. गव्हाचा पाव आणि शेंगदाण्याचं लोणी या निमित्ताने पुणेकरांना ठाऊक असलेली ही सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट संस्था १९४२ पासून पुण्यात आहे. त्या पावामागे धर्म आहे हे पाव घेणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. या पंथाने १८६३ पासून आरोग्य हा श्रद्धेचाच भाग मानला आणि शाकाहाराकडे कल ठेवला. त्यांचं मोठं वैद्यकीय विद्यापीठ लोमा लिंडाला, म्हणजे सॅडलबॅकहून गाडीने दीड तासाच्या आतबाहेर. तिथल्या अभ्यासात सुमारे ६१ हजार अ‍ॅडव्हेंटिस्टांची पाहणी झाली. अजिबात प्राणिज पदार्थ न खाणाऱ्यांचा निर्देशांक सरासरी २३.६ निघाला, मांसाहार करणाऱ्यांचा २८.८. एकाच पंथातली, एकाच तऱ्हेने दारू-सिगारेटपासून दूर राहणारी माणसं, फरक मुख्यतः ताटातला. मात्र तिथे कुणी जानेवारीत मोहीम काढली नव्हती. आजीने जे रांधलं तेच नातीने रांधलं. सॅडलबॅकने एका वर्षात जे करायला घेतलं त्याला लोमा लिंडात चार-पाच पिढ्या लागल्या आहेत.

बाल्टिमोरची राहिलेली गोष्ट

तुलनेचा गट ठेवून हे सगळं कुणी तपासलं की नाही? तपासलं, आणि सॅडलबॅकच्या दहा वर्षं आधी. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १६ कृष्णवर्णीय चर्चमधल्या चाळिशीपुढच्या ५२९ स्त्रियांना घेऊन ‘प्रोजेक्ट जॉय’ हा प्रयोग केला. निष्कर्ष २००१ मध्ये आले. तीन गट होते. पहिल्याला नेहमीचे आहार-व्यायामाचे साप्ताहिक वर्ग. दुसऱ्याला तेच वर्ग, पण प्रार्थना, वचनं आणि पाळकाचा सहभाग यांसकट. तिसऱ्याला नुसती माहिती, ज्याने त्याने आपलं आपण बघावं.

एक वर्षाने वर्गांना गेलेल्या बायकांचं सरासरी वजन १.१ पौंड उतरलं होतं. अर्धा किलो. कंबर पाऊण इंचाच्या आत, रक्तदाब किंचित खाली, रोजच्या खाण्यात साधारण ११७ कॅलरी कमी. आपलं आपण बघणाऱ्या गटात बदल दिसला नाही. सॅडलबॅकच्या १६.७ पौंडांपुढे १.१ पौंड ऐकून हसू येईल, पण इथे मागच्या बाकावरच्या बाईलाही काट्यावर उभं केलं होतं. आणि वर्गांना गेलेल्यांतल्या ज्या दहा टक्के बायकांचं वजन सगळ्यात जास्त उतरलं, त्यांचं सरासरी १९.८ पौंड उतरलं होतं. साक्ष द्यायला उभ्या राहिल्या असत्या तर त्याच.

आता मूळ प्रश्न. देवाचं नाव घेतलेल्या वर्गात आणि न घेतलेल्या वर्गात फरक किती पडला? याचं उत्तर संशोधकांना नीट काढताच आलं नाही. ज्या चर्चना कोरडे, विनाप्रार्थनेचे वर्ग दिले होते, तिथल्या बायकांनी ते तसे ठेवलेच नाहीत. चर्चच्या आवारात, रोजच्या ओळखीच्या बहिणी जमल्या आहेत आणि सुरुवातीला प्रार्थना नाही, हे त्यांना चमत्कारिक वाटलं असणार. त्यांनी आपणहून ती घातली. संशोधकांनी मग दोन्ही गट एकत्र केले आणि आकडे मांडले.